चिवडा बर्लिनला येऊन परत गेला

बार्शीतला आमच्या घराचा पत्ता म्हणजे पप्पांचं नाव, भगवंत मंदिराच्या मागची गल्ली, बार्शी, जि. सोलापूर. बास. घराला नंबर आहे, पण तो फक्त घरपट्टीच्या पावतीवर. पोस्टमनला घर माहितीय, कुरिअरवाला फोन करतो, आणि दोघांनाही नाहीच सापडलं तर कोपऱ्यावरचा किराणावाला सांगतो की हां, ती निळ्या गेटची माणसं. अशा ठिकाणी जन्म काढल्यावर पत्ता ही पण मिळवायची गोष्ट असते हे डोक्यात येणार तरी कसं. मी सप्टेंबर २०२५ च्या शेवटी बर्लिनला मास्टर्सला आले तेव्हा मला थंडीची भीती होती, भाषेची होती, पैशांची तर होतीच होती. पत्त्याची अजिबात नव्हती. आणि पहिले अडीच महिने माझे नेमके त्याच्यातच गेले.

येण्याआधीचं पटकन सांगते कारण ते आता सगळ्यांना माहितीय. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत असा दाखला, काढायचं, त्याचे १८,००० रुपये. मग ब्लॉक्ड अकाउंट, त्यात ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे, म्हणजे आपले बारा लाखांच्या वर, आणि तिकडे गेल्यावर त्यातलेच महिन्याला ९९२ असे आपल्याला परत मिळत राहणार. पप्पांना हे काही केल्या पटेना. आपलेच पैसे, आपल्यालाच हप्त्याने? म्हणजे पॉकेटमनीच की. मग मुंबईला व्हिसाचं बायोमेट्रिक, मग वाट बघणं, मग बॅग. बॅगेत आईने अर्धी जागा कडक भाकरी आणि शेंगाचटणीने भरली. कडक भाकरी सोलापूरकडची सोडून इतरांना माहीत नसते म्हणून सांगते, पापडासारखी पातळ, पूर्ण वाळवलेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, महिनोन्महिने टिकते. प्रवासात अर्ध्या भाकरींचा चुरा झाला, पण चुऱ्यावर पण गरम आमटी ओतून खाता येते त्यामुळे नुकसान शून्य.

तर राहायचं. होस्टेल नावाची जी गोष्ट आपल्या डोक्यात असते, ॲडमिशन घेतली की खोली मिळते, ते इथे नाहीये. श्टुडिरेंडनवेर्क म्हणून संस्था आहे ती विद्यार्थ्यांची घरं चालवते पण तिथे वेटिंग लिस्ट, आणि वेटिंग म्हणजे रेल्वेचं आरएसी नव्हे, सेमिस्टर जाऊ शकतं. बाकी सगळी जनता वेगे शोधते. वेगे म्हणजे तीन-चार जण मिळून एक फ्लॅट, प्रत्येकाला एक खोली, किचन बाथरूम कॉमन. बार्शीत बसून मी रात्री जागून जागून मेसेज पाठवले. एका जाहिरातीत फोटो एकदम झकास, शार्लोटेनबुर्गमध्ये बाल्कनीवाली खोली ४०० युरोला, आणि घरमालक लगेच उत्तर देणारा, की मी कामानिमित्त इंग्लंडला असतो, तुम्ही डिपॉझिट पाठवा मी चावी पोस्टाने पाठवतो. मी एवढी खूश की आईला सांगून पण टाकलं. मग पुण्याच्या एका मैत्रिणीने, ती तीन वर्षं जर्मनीत आहे, फोनवर नुसतं विचारलं की इंग्लंडला असतो का गं तो? म्हणलं हो, तुला कसं कळलं. म्हणे सगळे इंग्लंडलाच असतात.

शेवटी वेडिंगमध्ये एक खोली मिळाली, १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर. वेडिंग हा उत्तरेकडचा भाग आहे, लग्नाशी संबंध नाही, पण गावाकडे सांगताना हा घोळ प्रत्येक वेळी झाला. त्या खोलीत राहणारा मुलगा दोन महिने बाहेर जाणार होता आणि तेवढ्यापुरती खोली मला. याला त्स्विशनमीटे म्हणतात, मधल्या काळापुरतं भाडं. जाहिरातीत शेवटच्या ओळीत लिहिलेलं की आनमेल्डुंग करता येणार नाही. मी ते वाचलेलं. मला वाटलं काहीतरी सोसायटीची नोंदणी वगैरे असेल, नसली तर नसली.

आता आनमेल्डुंग म्हणजे काय ते सांगते, आणि सगळा जर्मनी याच्यावर चालतो असं म्हणलं तरी चालेल. नवीन घरात राहायला गेलात की १४ दिवसांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामाच्या ऑफिसात जाऊन, मी आता या पत्त्यावर राहते अशी नोंद करायची. त्यासाठी घर देणाऱ्याने एका कागदावर सही करून द्यावी लागते, त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हा शब्द मला न अडखळता म्हणता आला त्या दिवशी मी व्हॉइस नोट करून सगळ्या ग्रुपवर टाकला होता. तो कागद नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर श्टॉयर आयडी येत नाही, म्हणजे टॅक्सचा अकरा आकडी नंबर जो पोस्टाने घरी येतो. तो नंबर नाही तर पार्टटाइम कामाला लावतात खरं पण टॅक्स सगळ्यात जास्त कापतात, सहा नंबरच्या क्लासात टाकून. व्हिसाचं पुढे रेसिडन्स परमिट करायचं तर तिथेही नोंदीचा कागद. काही बँका पण मागतात. म्हणजे आपल्याकडे रेशन कार्ड, आधार, सात-बारा आणि सरपंचाचा दाखला हे सगळं एका पानात घातलं तर जे होईल ते. आणि मी ते पान जिथे मिळत नाही अशाच घरात पैसे भरून बसलेले.

त्या मुलाने सही का दिली नाही तर त्याने स्वतः घरमालकाला न विचारता खोली पुढे दिलेली. हे मला राहायला गेल्यावर कळलं. चावी देताना तो म्हणाला, अगदी चांगल्या शब्दात, की एक काम कर, खाली लेटरबॉक्सवर किंवा बेलवर तुझं नाव चिकटवू नकोस. मी म्हणलं बरं. मला काय फरक पडतो.

फरक असा पडतो की इथे फ्लॅटला नंबर नसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या मते पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे. पत्ता म्हणजे रस्ता, बिल्डिंगचा नंबर, पिनकोड, शहर. संपलं. बिल्डिंगमध्ये चाळीस घरं असतील तर चाळीस घरांचा पत्ता एकच. वेडिंगची आमची बिल्डिंग तर जुन्या पद्धतीची, रस्त्याकडेला फोर्डरहाउस, मधे चौक, मागे हिंटरहाउस, म्हणजे वाडाच म्हणा, आणि आम्ही मागच्या भागात तिसऱ्या मजल्यावर. पोस्टमन येतो तो फक्त नावं बघतो. खाली पत्रपेट्यांची रांग, त्याला ब्रीफकास्टन म्हणतात, प्रत्येकीवर आडनावं. दारावर बेलच्या बटणांची पाटी, तिथेही आडनावं. पाकिटावरचं आडनाव पेटीवर सापडलं तर पत्र आत, नाही सापडलं तर परत. फोन नाही, किराणावाल्याला विचारणं नाही. २०१८ मध्ये म्हणे शेजारच्या व्हिएन्नात प्रायव्हसीच्या कायद्यामुळे लाखो सरकारी घरांच्या बेलवरची नावं काढून नंबर टाकायचं ठरलं तर जर्मनीतही मोठी चर्चा झाली की आता आपल्या बेलचं काय. तेव्हा बातमी वाचली असती तर हसले असते.

त्यात माझं आडनाव. इथे लिहीत नाही, पण 'क्ष' ने सुरू होतं एवढं सांगते, आणि इंग्रजीत अकरा अक्षरं. पासपोर्टवर आपल्याकडच्या पद्धतीने माझ्या नावापुढे पप्पांचं नाव, ते इथे सगळ्यांना माझंच दुसरं नाव वाटतं. त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या ईमेलपासून इन्शुरन्सच्या कार्डापर्यंत मी सगळीकडे पप्पांच्या नावासकट. पप्पांना हे फार आवडलं. म्हणे म्हणजे माझी पण ॲडमिशन झाली की.

पत्रं यायचीच होती. हेल्थ इन्शुरन्स, जो विद्यार्थ्यांना कंपल्सरी आणि महिन्याला १४० युरोच्या वर जातो, त्याचं कार्ड पोस्टाने. बँकेचं कार्ड पोस्टाने, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात वेगळ्या दिवशी. एवढा पुढारलेला देश आणि सगळं कागदावर, पाकिटात, स्टॅम्प लावून. मैत्रिणीने सांगितलं की पत्त्यात स्वतःच्या नावाखाली सी/ओ करून त्या मुलाचं आडनाव टाक, मग पोस्टमन त्याच्या पेटीत टाकेल. तसं केलं, आणि कार्डं आली. मला वाटलं जमलं सगळं.

आणि मग दिवाळी.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. आईने दसऱ्यालाच जाहीर केलं की पार्सल पाठवणार. मी तिला सगळे नियम समजावले, दूधतुपाचं काही चालत नाही युरोपात, त्यामुळे बेसनलाडू नको, आणि भेट म्हणून पाठवलं तर ४५ युरोपर्यंतच ड्यूटी लागत नाही, त्यामुळे किंमत नीट लिही. आई म्हणाली माझ्या चिवड्याची काय किंमत लिहू गं? तर चिवडा, शेव, चकली, शेंगाचटणी आणि परत एकदा कडक भाकरी. पत्ता मी मेसेजवर पाठवला, पाच ओळींचा, सी/ओ वाली ओळ त्यात होती. पुढे काय झालं ते नंतर पप्पांकडून कळलं. कुरिअरच्या दुकानातला मुलगा म्हणाला की काका, इथे दोन माणसांची नावं आहेत, तिकडे गोंधळ होईल, घेणाऱ्याचं एकच नाव ठेवू. पप्पांना ते बरोबर वाटलं. त्या मुलाची काही चूक नाही, मी असते तर मलाही बरोबरच वाटलं असतं. भगवंत मंदिराच्या मागच्या गल्लीत तेच बरोबर आहे.

मी रोज ट्रॅकिंग बघायचे. मुंबई सोडलं. जर्मनीत आलं. कस्टममधून सुटलं. त्या दिवशी मी लेक्चरला गेलेच नाही, घरीच थांबले, खिडकीतून चौकात बघत, कारण इथे बेल वाजली नाही तर खाली कोण येऊन गेलं ते कळत पण नाही. आणि बेल वाजणार कशी, बेलवर नावच नाही. संध्याकाळी स्टेटस बदललं, एक लांबलचक जर्मन वाक्य, ट्रान्सलेट केलं तर पार्सल घेणाऱ्याचा शोध लागला नाही, पार्सल पाठवणाऱ्याकडे परत. मी घरात होते. तिसऱ्या मजल्यावर, चहा पीत. माझा शोध लागला नाही.

फोन केले, मेल केले, काउंटरवर गेले, एकदा परत निघालेलं पार्सल परतच जातं. हेल्पलाइनवरच्या बाईने मला अगदी शांतपणे विचारलं, तुमचं नाव पेटीवर आहे का? म्हणलं नाही. मग ती गप्प. खरंच पुढे बोलण्यासारखं काही नव्हतंच.

त्या दिवाळीत मी तुर्की दुकानातून कोथिंबीर आणली, पोहे एशियन दुकानात मिळाले, आणि स्वतःच चिवडा केला. शेंगदाणे खारवलेले होते त्यामुळे समुद्रासारखा खारट झाला. वर क्वार्कचं श्रीखंड. क्वार्क हा इथला एक दह्या-चक्क्यातला प्रकार, डबे भरून स्वस्त मिळतो, साखर वेलची घालून फेटला की दहा मिनिटांत श्रीखंड, हे मात्र मी आता कुणाकडूनही हिरावून घेऊ देणार नाही. आईला दाखवलं तर ती म्हणाली चक्का न टांगता? म्हणजे कसलं श्रीखंड. आणि पोळ्यांसाठी पीठ घ्यायचं तर पाकिटावर १०५० नंबर बघायचा, ४०५ चा मैदाच असतो, हे पण त्याच आठवड्यात शिकले. आधीच्या तीन आठवड्यांच्या पोळ्या मी मैद्याच्या करून स्वतःच्या हाताला दोष देत होते.

मग २६ ऑक्टोबरला घड्याळं एक तास मागे गेली. साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला आणि आईचा फोन एक तास लवकर यायला लागला, म्हणजे तिच्या मते वेळेवर. मी समजावलं तर तिला ते सरकारी थोतांड वाटलं. अंधार लवकर पडायला लागला. डिसेंबरात तर चारच्या आतच सूर्य मावळतो इथे, लायब्ररीतून बाहेर आलं की रात्र, आणि घड्याळात साडेचार. मूड जातो. खोटं कशाला बोलू, नोव्हेंबरात मी आठवड्यातून दोनदा तरी रडले, एकदा तर एस-बानच्या रिंगमध्ये बसून. ती गाडी शहराभोवती गोल फिरते, एस-४१ घड्याळाच्या दिशेने, एस-४२ उलटी, पूर्ण फेरी साधारण तासाची. सेमिस्टरच्या फीमध्येच तिकीट असतं, त्या सेमिस्टरला सहा महिन्यांचे २०८.८० युरो होते, अख्ख्या जर्मनीत लोकल गाड्यांना चालतं, त्यामुळे फिरायला वेगळे पैसे नाहीत. तर मी एक फेरी रडत आणि एक फेरी खोली शोधायचे मेसेज टाइप करत काढायची. गाडीत उबदार असतं आणि कुणी तुमच्याकडे बघत नाही. बर्लिनमध्ये कुणीच कुणाकडे बघत नाही. सुरुवातीला राग यायचा याचा, नोव्हेंबरात सोय वाटली.

या वेळी शोधताना मी एकच गोष्ट ठरवली होती. खोली काळोखी असो, लांब असो, आनमेल्डुंग पाहिजे. नव्वदेक मेसेज गेले, उत्तरं सहा आली. इथे खोली बघायला जाणं म्हणजे मुलगी बघायला येणं, फक्त उलटं. किचनच्या टेबलावर तीन जण समोर बसतात, चहा देतात, आणि विचारतात की तुला वीकेंडला काय आवडतं, स्वयंपाक करतेस का, साफसफाईचा तक्ता पाळशील का. गाणं म्हणायला सांगितलं नाही एवढंच. एका ठिकाणी मला विचारलं तू शांत आहेस का पार्टीवाली, मी म्हणलं शांत, तर त्यांना पार्टीवाली पाहिजे होती. दुसऱ्या ठिकाणी शिकून म्हणलं की दोन्ही, तर त्यांना शांत पाहिजे होती. एका घरात सगळे व्हिगन, त्यांना माझं शाकाहारी असणं आवडलं पण दही म्हणल्यावर चेहरे पडले.

सहावं घर लिश्टनबेर्गला, पूर्वेकडे, टियरपार्क स्टेशनजवळ. पूर्व जर्मनीच्या काळातल्या सिमेंटच्या उंच बिल्डिंगी आहेत तिकडे, तयार भिंती आणून जोडलेल्या, प्लाटेनबाउ म्हणतात. आमची अकरा मजल्यांची. दिसायला म्हाडाच्या टॉवरसारखी, त्यामुळे मला लगेच घरच्यासारखं वाटलं. दोन मुली, एक इराणची, एक इथलीच लाइपझिगकडची. युनिव्हर्सिटी मात्र दुसऱ्या टोकाला, यू-५ मेट्रोने आलेक्झांडरप्लाट्झ, तिथून यू-२ ने एर्न्स्ट-रॉयटर-प्लाट्झ. मी आत गेल्या गेल्या चपला काढल्या आणि पहिला प्रश्न विचारला, आनमेल्डुंग होईल का? लाइपझिगवाली हसून म्हणाली, आधी खोली तर बघ. मी म्हणलं खोली छान आहे. बघितली नव्हती.

५१० युरो वार्ममीटे, म्हणजे हीटिंग पाणी धरून. वार्म आणि काल्ट हा फरक आधी कळून घ्या बरं का, जाहिरातीत काल्ट लिहिलेलं असेल तर वर अजून पैसे आहेत असं समजा. डिपॉझिट ९००, कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापर्यंत मागू शकतात. करारात एक कलम होतं की दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पूर्ण उघडून हवा खेळवायची, हिवाळ्यात पण, नाहीतर भिंतीला बुरशी येते. बाहेर उणे तीन आणि आम्ही तिघी खिडक्या सताड उघड्या टाकून जॅकेट घालून किचनमध्ये उभ्या. आई व्हिडिओ कॉलवर, अगं त्यांना काय वेड लागलंय का.

१ डिसेंबरला राहायला गेले. कागदावर सही त्याच संध्याकाळी मिळाली. मग ब्युर्गरआम्टची अपॉइंटमेंट. शहरातल्या कुठल्याही ऑफिसात चालतं, आपल्याच वॉर्डात पाहिजे असं नाही, पण साइट उघडली की पुढच्या दोन महिन्यांचं कॅलेंडर सगळं लाल. युक्ती अशी की सकाळी लवकर उठून रिफ्रेश करत बसायचं, कुणीतरी रद्द केलेली वेळ अचानक निळी होते आणि पाच सेकंदात जाते. तत्काळ तिकीट काढलेल्या माणसाला हे जमतं, माझा तर हात बसलेला. तिसऱ्या दिवशी मिळाली, श्पांडाउला, म्हणजे शहराच्या पार पश्चिमेला, सकाळी ९:१२ ची. नऊ बारा. सव्वानऊ नाही.

मी साडेआठलाच जाऊन बसले. समोरच्या बाईंनी पासपोर्ट घेतला, कागद घेतला, टाइप करायला लागल्या. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. मी विचार करत होते हिंदू लिहायचं का, तर मैत्रिणीने आधीच बजावलेलं की तिथे रिकामं सोड. इथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की चर्चचा टॅक्स सुरू होतो, इन्कम टॅक्सच्या नऊ टक्के बर्लिनमध्ये, सरकारच कापून चर्चला देतं. हिंदूंचा तसा काही हिशोब नाही. भगवंताला परस्पर काही जाणार नाही हे बघून मी रिकामं सोडलं. दहा मिनिटांत स्टॅम्प. फी काही नाही. त्या बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि आडनाव वाचायचा प्रयत्न केला, के... क... मग हात वर केले आणि हसल्या. म्हणाल्या, पण स्पेलिंग बरोबर आहे. तेवढं पुरे, म्हणलं.

घरी येऊन मी लगेच कागदावर आडनाव लिहून, सेलोटेप घेऊन खाली निघाले तर लाइपझिगवालीने अडवलं. तसं नसतं चिकटवायचं, हाउसमाइस्टरला मेल करायचा, बिल्डिंगची देखभाल बघणारा माणूस, तो सगळ्यांसारखी पट्टी करून लावतो. मी म्हणलं किती दिवस? म्हणे येईल. मी तिच्यासमोर मान हलवली आणि ती क्लासला गेल्यावर चिकटवलंच. अडीच महिन्यांनी माझ्या अंगात थांबायची ताकद नव्हती. चार दिवसांनी खरी पट्टी आली, पांढऱ्यावर काळी, तीन आडनावं, माझं शेवटी आणि शेवटची दोन अक्षरं जागा नाही म्हणून बारीक. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी विचारलं, फ्लॅट घेतला का?

त्याच आठवड्यात, ११ डिसेंबरला, मार्गशीर्षातल्या गुरुवारी, आई घट मांडून बसलेली असताना दिवाळीचं पार्सल बार्शीला परत पोचलं. दोन महिन्यांत जाऊन आलं. खोक्यावर जर्मन स्टिकर. चिवडा मऊ पडलेला, चकल्यांचा भुगा, चटणी आणि भाकरी जशाच्या तशा, सोलापूरचा माल आहे शेवटी. आईने टाकून द्यायला घेतलं तर पप्पांनी दिलं नाही. चिवडा परत कढईत गरम करून, परदेशी चिवडा आलाय म्हणून शेजारीपाजारी वाटला. लोकांनी आवडीने खाल्ला म्हणे, आणि एका काकूंनी विचारलं की तिकडे पण कढीपत्ता घालतात का.

पत्रं मात्र आता धो धो यायला लागली. श्टॉयर आयडी ख्रिसमसच्या आधीच आला. मग रुंडफुंकबायट्रागचं पत्र, म्हणजे टीव्ही-रेडिओची फी, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो, दर घराला. आमच्याकडे टीव्ही नाही. रेडिओ पण नाही. तरी भरायचे, पण घराला एकदाच म्हणून तिघींत वाटून घेतो. नाव पेटीवर आलं की पहिलं पत्र हेच येतं असं सगळे म्हणतात, माझं दुसरं आलं. जानेवारीपासून एका कॅफेत काम पण लागलं, तासाला १३.९०, म्हणजे कायद्याने जे कमीत कमी तेच. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं आम्हाला.

आणि संक्रांतीला आईने परत पार्सल पाठवलं. या वेळी पत्ता तिने स्वतः मोठ्या अक्षरात लिहिला, त्या कुरिअरवाल्या मुलाला हात लावू दिला नाही. तीळ, गूळ, शेंगदाण्याची वडी, चटणी. ते आलं त्या दिवशी मी कामावर. घरी आले तर पेटीत एक कार्ड, की पार्सल शेजाऱ्याकडे दिलंय, आणि शेजाऱ्याचं आडनाव. मजला नाही, दार नाही, नुसतं आडनाव. मी बाहेर जाऊन थंडीत बेलच्या पाटीसमोर उभी राहिले आणि अख्ख्या बिल्डिंगची नावं वाचली. सत्तरेक नावं. व्हिएतनामी खूप, रशियन, तुर्की, एक बहुतेक केरळचं, आणि ते कार्डावरचं आठव्या मजल्याच्या रांगेत.

दार एका म्हाताऱ्या आजोबांनी उघडलं. घरातले बूट, अंगात विणलेला स्वेटर. पार्सल त्यांनी दाराशेजारी खुर्चीवर ठेवलेलं, खाली नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझं जर्मन बाजारहाटापुरतं. त्यांनी खोक्यावरचं माझं नाव बोटाने दाखवलं आणि भुवया वर केल्या, कसं म्हणायचं? मी म्हणलं. त्यांनी म्हणून बघितलं. परत म्हणलं. 'क्ष' ला ते 'कश' पर्यंत आले आणि तिथे थांबले, चौथ्यांदा मी म्हणलं अगदी बरोबर, कारण जिन्यात गार वारा येत होता. मी तिथेच खोकं फोडून त्यांना दोन वड्या दिल्या. तिळगूळ घ्या गोड बोला हे जर्मनमध्ये कसं सांगायचं याचा विचार करेपर्यंत त्यांनी एक खाऊन पण टाकली, म्हणाले, हाल्वा? मी म्हणलं, तसंच काहीतरी.

हे लिहितेय तेव्हा आमच्या पॅसेजमध्ये एक भलंमोठं खोकं पडलंय, पाचव्या मजल्यावरच्या कुणाचं तरी, सकाळी बेल वाजली म्हणून मी सही करून घेतलं. इराणवाली त्याला दोनदा धडकली. कार्ड त्यांच्या पेटीत टाकलंय, माझं आडनाव लिहून, आता संध्याकाळपर्यंत ते पाटीसमोर उभे राहून शोधत बसतील. शेवटची दोन अक्षरं बारीक आहेत हे कार्डावर लिहायला पाहिजे होतं.